खाली बसवलेली गाडी आणि आबांचा डोळा

पुण्याच्या दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "टाका अजून कच्चा आहे. धक्का बसता कामा नये, खोकलासुद्धा नको. उसवला तर हा डोळा गेलाच म्हणून समजा."

आबांचा, माझ्या वडिलांचा, दुसरा डोळा कधीच गेला होता. मोतीबिंदू काढल्यापासून ते खाटेवर उताणे पडून होते आणि आता हट्टाला पेटले होते. घरी न्या, नाहीतर मी चालत गावी, मढला जातो! एसटीच्या बाकावरून त्यांना नेण्याची आमची हिंमत नव्हती. माझा थोरला भाऊ वसंतदादा एका व्यापाऱ्याची मोटार चालवायचा. मालकाने ती मोटार आम्हाला दिली.

गाडी देखणी होती, महायुद्धाच्या आधीची, लांब नाकाची. ती शर्यतीच्या गाडीसारखी दिसावी म्हणून मालकाने पुढचे काही पाटे (चाकावरच्या कमानीच्या लोखंडी पट्ट्या) काढवून तिचं नाक खाली बसवून घेतलं होतं. पुण्याच्या डांबरी रस्त्यावर काही जाणवलं नाही. खेड मागे पडलं, रस्ता उखडलेला लागला आणि पहिल्याच खड्ड्यात पुढून असा दणका बसला की माझे दात वाजले. आबांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं. त्यांच्या कपाळावर घाम आला.

मंचरला दादाने पुढच्या चाकांतली थोडी हवा सोडली. खडी जराशी मऊ लागली, दणका तसाच राहिला. नारायणगावला त्याने पाट्यांच्या फटींत तेल सोडलं. गंजून एकमेकांना चिकटले असतील, असा त्याचा होरा होता. तिथल्या हॉटेलात गरम भाकरी आणि पिठलं होतं, पण आबांना चावायची बंदी. मी त्यांना दुधात कुस्करलेलं केळं भरवलं. पुन्हा निघालो आणि गावाबाहेरच्या मोरीवर गाडी पुन्हा तशीच आदळली. तेलाचाही उपयोग नव्हता.

"सुमे," आबा हळूच म्हणाले, "पट्टीखाली वलं वलं लागतंय गं."

पट्टी उघडून बघायची परवानगी नव्हती. पाणी की रक्त, हे कळायला मार्ग नव्हता. जुन्नरपर्यंत मी त्या पांढऱ्या कापडावरून नजर हलवली नाही. शिवनेरी कधी दिसू लागला ते मला आठवत नाही.

जुन्नरच्या बाजारपेठेत उस्मानचाचांचं लोहारकाम होतं. बैलगाड्यांच्या धावा, लॉऱ्यांचे पाटे, सगळं ते करायचे. त्यांनी नाकावर भार देऊन गाडी दाबून पाहिली. ती हललीच नाही. ते आणि दादा खाली शिरले. बराच वेळ दोघांची कुजबुज चालली. "मला बी नीट उमगंना," चाचा बाहेर येऊन म्हणाले.

मीही वाकून पाहिलं. खाली सगळीकडे धुळीचा थर होता. फक्त दोन चाकं जोडणाऱ्या आसाच्या वर एक जाड रबरी ठोकळा होता, त्याचं तोंड पुसल्यासारखं काळंभोर चकाकत होतं.

"हे एवढंच स्वच्छ कसं?" मी विचारलं.

चाचांनी बोट घालून पाहिलं. ठोकळा आणि आस यांच्यात बोटही जाईना. पाटे कमी झाल्यामुळे गाडी इतकी बसली होती, की कमानीला लवायला जागाच उरली नव्हती. प्रत्येक खड्ड्यात आस त्या रबरावर ठोकत होता.

"पाटे परत घातलं पायजेत," चाचा म्हणाले.

"ते पुण्याला पडलेत," दादा म्हणाला.

"मग रबर निम्मं कापावं लागंल. बारके धक्के जातील. पन मोठा खड्डा आला तर लोखंडावर लोखंड बसंल. न्हाई राव, माझ्या हातनं म्हाताऱ्याचा डोळा जायला नको." त्यांनी करवत खाली ठेवली.

गाडीतून आबांचा आवाज आला. "कापा भाऊ. असा तर तो दर खड्ड्याला जातोय."

चाचांनी रबर कापलं आणि हात धुऊन स्वतःच मागच्या सीटवर बसले. "मी धरतो डोकं. पोरी, तू म्होरं चाल. रस्ता तुझ्या पायाखालचा हाय."

गणेश खिंडीचा चढ लागला तशी मी उतरले. गाडीपुढे चालत मी खड्डा दिसला की हात वर करायची, दगड-माती लोटून तो भरायची आणि मग दादा गाडी पुढे घ्यायचा. बारके धक्के खरंच मवाळ झाले होते. तरी मागे इंजिनाचा आवाज जरा बदलला, की मी वळून बघायची.

खिंडीच्या माथ्यावर समोरून एसटी आली. दादाने गाडी कडेला घेतली आणि डावं चाक चरात उतरलं. लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज डोंगरात घुमला.

मी जागीच थिजले. गाडीकडे वळून बघायचा मला धीर होईना. आबा ओरडतील, याची मी वाट पाहत होते.

"थांबलीस का?" आबा आतून म्हणाले. "चल की."

आवाज थरथरत होता. डोळा आहे की गेला, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी चालू लागले.

मढला आईने दारातच भाकरतुकडा ओवाळला. चाचा दुसऱ्या दिवशी एसटीने परतले. ठरल्या दिवशी ओतूरचे डॉक्टर आले. त्यांनी पट्टी सोडली, पापणी पुसली आणि जाड भिंगाचा चष्मा आबांपुढे धरला. आईने पदर तोंडाला लावला. आबांनी चष्मा चढवून माझ्याकडे पाहिलं.

"सुमे," ते म्हणाले, "लई वाळलीस गं तू."

मालकाला गाडी परत करायला पुण्याला निघालो, तेव्हा मी दादाशेजारी बसले होते. मागची सीट रिकामी होती. खिंडीत ऊन पडलं होतं, उतारावर कुणाची तरी मेंढरं पसरली होती आणि दादा गुणगुणत गाडी चालवत होता. आता कुणासाठी जपायचं नव्हतं. तरीही प्रत्येक खड्ड्याआधी मी दादाला हळू घे म्हणायची. आजही कुठल्या मोटारीत बसले आणि पुढे खड्डा दिसला, की माझे दोन्ही हात मांडीवर येतात, कुणाचं तरी डोकं धरल्यासारखे.