ओढ्यांवरच्या व्याख्यानातला एक प्रश्न

मंडळी, आज संध्याकाळी शनिवार पेठेत पुण्याच्या बुजलेल्या ओढ्यांवर व्याख्यान होतं. प्रवेश मोफत, सर्वांना आमंत्रण. मी कर्वेनगरहून मुद्दाम गेले होते.

वक्ते निवृत्त प्राध्यापक. कुठला ओढा कुठून वाहायचा, त्यावर सोसायट्या कशा उभ्या राहिल्या, हे त्यांनी जुने नकाशे दाखवत छान रंगवून सांगितलं. त्यांच्या विनोदांवर लोक मनापासून हसत होते.

शेवटी प्रश्नोत्तरं सुरू झाली. माझ्या शेजारी बसलेल्या, पन्नाशीच्या एक बाई उठल्या.

"सर, तुम्ही आत्ता दाखवलेल्या ओढ्याच्या काठी आमचं घर होतं. पुरात भिंत पडून माझे मिस्टर गेले. ओढा नकाशात होता, मग तो अरुंद करायला परवानगी कोणी दिली?"

सरांनी माइक सूत्रसंचालकांकडे सरकवला. सूत्रसंचालक म्हणाले, "ताई, आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. पण आजचा विषय इतिहास आहे. पुढचा प्रश्न?"

पुढचा प्रश्न पेशवेकालीन हौदांचा होता. त्यावर सर भरभरून बोलले.

बाई निघून गेल्या. मी मागोमाग गेले. त्या जिन्यापाशी चपला घालत होत्या. मी म्हटलं, "तुमचा प्रश्न बरोबर होता."

"अहो, ऑफिसांमध्ये विचारून दमले," त्या म्हणाल्या. "इथे जाणकार माणसं येतात, निदान कोणाला माहीत असेल, असं वाटलं."

हा प्रश्न त्यांनी नक्की कुठे विचारायचा, तुम्हाला माहीत आहे का? आणि कळलं तरी मी त्यांना सांगणार कसं? त्यांचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही.