दुपट्ट्याखालचा हात

आमच्या बाबांच्या छातीत जी जळजळ होती, तिच्यावर अख्ख्या मेहकरच्या भाकरी भाजून निघाल्या असत्या. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. चहा ते असा उकळता ओतायचे की बशीला फोड यावेत. त्यांचा ठेचा नुसता दाखवला असता तर बैल सुलतानपूरपर्यंत मागे न बघता पळाला असता. बाबा गुरांच्या बाजारातले दलाल. बैलाचे दात पाहून त्याच्या आजोबाचा स्वभाव सांगायचे. स्वतःच्या घशाचं मात्र घास अडकायला लागेपर्यंत अवाक्षर काढलं नाही.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मी मास्तर. शेगावहून त्यांना रेल्वेत बसवून नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी घशातून लोखंडी नळी उतरवून आतला तुकडा तपासायला काढला. ती नळी बाबा गावात बंदुकीएवढी सांगत; मी तोफेएवढी सांगतो.

आमच्याकडे रीत अशी, की दुखणेकऱ्याला बाहेर बाकावर बसवायचं आणि डॉक्टरांनी पोराला आत बोलावून सांगायचं. हे डॉक्टर उलटे. त्यांनी मला मागे उभं केलं आणि बाबांना खुर्ची दिली.

"बाबा, अन्ननळीच्या खालच्या टोकाचं अस्तर बदललंय. हा कॅन्सर नाही. पण पुढे होऊ शकतो. आताच छाती उघडून तेवढा भाग काढता येईल, पण त्यात जिवाला धोका आहे. नाहीतर औषध घ्यायचं, तिखट आणि कढत सोडायचं आणि दर सहा महिन्यांनी नळी घालून बघायचं. बिघडतंय असं दिसलं की तेव्हा कापू. तुम्हाला काय झेपेल?"

"डॉक्टर तुम्ही हाय का मी? मले काऊन इचारता?"

"जीव तुमचा आहे म्हणून."

बाजारात खरा भाव कुणी तोंडाने बोलत नाही. दुपट्ट्याखाली हातात हात घेऊन बोटं दाबून तो सांगायचा. वर चाललेली बडबड लोकांसाठी. बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, हातावर टाकला आणि तो हात टेबलावरून पुढे केला.

"आता खरं सांगा."

डॉक्टर शहरातले. म्हातारा घाबरलाय असं त्यांना वाटलं. त्यांनी तो हात धरला आणि मायेने थोपटला. एकही बोट दाबलं नाही.

बाबांचा चेहरा तिथेच उतरला. बाजारात बोट न दाबता हात थोपटणं म्हणजे या जनावराला आता मोल नाही, घरी न्या.

परतीच्या गाडीत मी बडनेऱ्यापासून शेगावपर्यंत घसा फोडून समजावलं. "बाबा, नुसतं तपासायले जायचं हाय. तुम्ही बरे राहू शकता."

"तू मास्तर हायेस. तुले बाजार काय समजते बे?"

सहा महिने झाले, पुन्हा सहा झाले. आईने पाय धरले, मी भांडलो, एकदा तर बैलगाडी दारात आणून उभी केली. ते उठले नाहीत. मोल नसलेलं जनावर बाजारात कितीदा फिरवायचं, असं म्हणायचे. मग भाकरी उतरेना. मग दूध. पाण्याचा घोटही परत यायला लागला, तेव्हा अंगात विरोध करायचं बळ राहिलं नाही म्हणून आले.

तेच डॉक्टर. या वेळी त्यांनी बाबांना बाकावर राहू दिलं आणि मला आत बोलावून दार लोटलं. एक्स-रेचा फोटो दाखवला. करण्यासारखं काही नव्हतं. "त्या वेळी आले असते तर," एवढंच ते म्हणाले.

मी बाहेर आलो. गावभर थापा मारणारा मी, मला एक साधी थाप सुचेना.

बाबांनी लोटलेल्या दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज पार बसला होता.

"आज मले काऊन नाही इचारलं?"