घोट्याएवढं पाणी

एक गोष्ट मी बारा वर्षं कोणालाच सांगितली नाही. बायकोला नाही, आणि पानठेल्यावरच्या मंडळींना तर नाहीच — त्यांना मी तिची खोटी आवृत्ती सांगत आलो, आणि ती, खोटं कशाला बोलू, फार रंगायची. आता खरी सांगतो. पण आधी गाडीबद्दल बोलू द्या. मी मुद्दा टाळतोय हे तुमच्या लक्षात आलंच असेल. टाळतोयच. पण गाडी कळल्याशिवाय माझा नालायकपणा पुरता कळायचा नाही.

मी गुरांवर उपचार करतो. पदविका आहे, सरकारी नोकरी नाही. लोक प्रेमानं डाक्टर म्हणतात, मी प्रेमानं ऐकून घेतो. अल्लीपूरच्या आसपासची गावं माझी. डांबरी रस्ता संपला की पांदण सुरू होते — दोन्हीकडं शेतं, मध्ये बैलगाड्यांच्या चाकोऱ्या, आणि पावसाळ्यात ती आमची काळी माती. ही माती चाक आणि मडगार्डच्या मध्ये शिरते, घट्ट बसते, आणि मग गाडी ढकलायची नसते, उचलायची असते. स्कूटर घेऊन फिरत होतो तेव्हा माझा अर्धा दिवस काडीनं चिखल काढण्यात जायचा. बैल बरे व्हायचे, माझी कंबर मोडायची.

मग नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नागपूरच्या एका मिस्त्रीकडून मी ती जुनी मोटारसायकल घेतली. काय सांगू — साधी म्हणजे किती साधी? एक सिलिंडर, एक प्लग, एक किक. दोन पाने आणि एक पक्कड खिशात असली की कुठंही खोलावी, कुठंही जोडावी. मिस्त्रीनं पुढचं मडगार्ड चाकापासून वीतभर वर बसवलं होतं, म्हणजे माती अडकणार नाही. टायरला दात. सायलेन्सर सीटच्या बाजूनं वर नेलेला, म्हणजे पाण्यातून जाताना गाडी बंद पडणार नाही. माझी बायको कुसुम तिला पहिल्यांदा बघून म्हणाली, "हे गाडी हाये का बकरी?" आणि खरंच ती बकरीच होती. डांबरी रस्त्यावर मुकाट्यानं पळायची, पांदणीत चाकोरीतून चढायची, धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, उतरायची. मागं औषधांची पेटी, कधी ढेपेचं पोतं, कधी कुसुम.

अशा गाडीचं सुख कशात असतं? वेगात नाही. वाट विचारावी लागत नाही, यात असतं. कोणी म्हणालं, "तिकडून रस्ता नाई जी," तर आपण नुसतं हसायचं. मी फार हसायचो. दिसेल त्याला सांगायचो, माझी गाडी कुठंही जाते.

गाडी जायची. त्यात खोट नव्हती.

त्या वर्षी भादव्यात मी गाडीला रंग दिला. का? तर बोरगाव मेघेला राहणाऱ्या माझ्या साळ्यानं नवीकोरी चकचकीत मोटारसायकल घेतली होती आणि माझ्या बकरीला तो भंगार म्हणाला होता. मग मी हिंगणघाटच्या पेंटरकडून टाकी आणि दोन्ही मडगार्डं निळीशार करून घेतली, वर पिवळी रेघ, आणि पुढच्या मडगार्डवर सुबक अक्षरांत — हसू नका — 'कुठेही, केव्हाही'. पेंटर म्हणाला, दोन दिवस पाण्या-चिखलात घालू नका, रंग धरायचा आहे. दुसऱ्या दिवशी साळ्याकडं जाऊन, काही न बोलता, गाडी त्याच्या दारात उभी करायची, असा माझा बेत होता.

आणि त्याच सकाळी महादेव आला.

महादेव हा सुभद्राबाईचा दीर. सुभद्राबाईची वस्ती नाल्यापलीकडं, माझ्या घरापासून पांदणीनं चार किलोमीटर. घरधनी गेल्यावर त्या बाईनं एका संकरित गाईवर घर धरून ठेवलं होतं. महादेव सायकलवर आला, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. म्हणाला, "डाक्टर, गाय अडली जी. एक पाय दिसते, दुसरा दिसतच नाई. वयनीनं लवकर बलावलं." म्हणजे वासराचा एक पाय आत दुमडला होता. हात घालून तो सरळ करायचा, वासरू ओढायचं — वेळेवर झालं तर सोपं काम. वासरू जिवंत होतं, महादेवनं पोटावर हात ठेवून बघितलं होतं.

मी म्हटलं, तू हो पुढं, मी आलोच.

आलो ना. पेटी बांधली, किक मारली, पांदणीनं निघालो. चिखल चुकवत, काठाकाठानं. नाल्यावरच्या रपट्यापाशी पोचलो. रपटा म्हणजे आमच्याकडचा बुटका पूल — पाऊस झाला की पाणी त्याच्या वरून वाहतं. त्या दिवशीही वाहत होतं. किती? महादेवच्या सायकलची ओली रेघ अलीकडं पाण्यात शिरलेली आणि पलीकडं बाहेर निघालेली मला स्वच्छ दिसत होती. घोट्याएवढं पाणी होतं. गढूळ, चिखलाचं, पण घोट्याएवढं.

गाडी सुरू ठेवून मी तिथं उभा राहिलो. कशाकडं बघत होतो मी? पाण्याकडं? छे. मडगार्डकडं बघत होतो.

मग मी गाडी वळवली.

फेऱ्यानं डांबरी रस्ता होता, बावीस किलोमीटर. कोरडा होता. मी सांभाळून गेलो, खड्डे चुकवत. पोचलो तेव्हा वासरू गेलेलं होतं. गाय वाचली — तेवढं काम मी नीट केलं, अंगावरचा शर्ट काढून, कोपरापर्यंत हात घालून. आणि हात धुता धुता, कोणी न विचारता, मी म्हणालो: काय करू, महादेव गेला आणि मागून लोंढा आला. रपट्यावर कमरेएवढं पाणी. म्हणून फेऱ्यानं यावं लागलं.

इतकं सहज. जीभ अडखळलीसुद्धा नाही. आमच्या नाल्याचं काय, वर कुठं पाऊस पडला की अर्ध्या तासात चढतो, अर्ध्या तासात उतरतो, कोण तपासणार? महादेव गाडीपाशी उभा होता. त्यानं ती पुढून मागून निरखली आणि म्हणाला, "गाडी लई चकाचक हाये डाक्टर." बस. टोमणा होता की कौतुक, हे मी बारा वर्षं स्वतःलाच विचारत आलो — आणि उत्तर मला पहिल्या मिनिटालाच ठाऊक होतं.

पुढचं ऐका, कारण मी तिथंच थांबलो नाही. त्या दसऱ्याला सुभद्राबाई आमच्या दारात आली, हळदीकुंकू आणि नारळ घेऊन. माझ्यासाठी नव्हे, गाडीसाठी. "इतल्या फेऱ्यानं धावत आली माह्या गाईसाठी," म्हणाली, आणि हेडलाईटवर कुंकू लावलं. दुसऱ्या दसऱ्यालाही आली. तिसऱ्यालाही. मी बाजूला हात जोडून उभा. आणि पानठेल्यावर त्या लोंढ्याची गोष्ट मी सांगत राहिलो; दर वर्षी पाणी वाढत गेलं. कमरेवरून छातीवर आलं. एके वर्षी तर त्यातून एक अख्खं बाभळीचं झाड वाहत गेलं. ते कुठून आलं, देव जाणे. मंडळी चहा थंड करून ऐकायची.

मग रपट्याच्या जागी उंच पूल झाला. पहिल्या पावसाळ्यात त्यावर उभं राहून लोक खाली वाहणारं पाणी बघत होते, मीही होतो, सुभद्राबाईही. ती सगळ्यांदेखत म्हणाली, "हा पूल तवा असता तं डाक्टरले फेरा पडला नसता." सगळे माझ्याकडं बघायला लागले, बाभळीच्या आशेनं. मी घराकडं वळलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या गोठ्यात गेलो. ती दुधाच्या कॅन घासत होती. बसलो नाही; बसलो असतो तर इकडचं तिकडचं बोललो असतो. उभ्यानंच सांगितलं — लोंढा नव्हता, घोट्याएवढं पाणी होतं, ओल्या रंगासाठी मी फेऱ्यानं आलो. तिचे हात चालूच होते. मला वाटलं, तिनं ऐकलंच नाही. पुन्हा सांगावं लागतं की काय?

मग ती म्हणाली, "महादेवले बोलली मी."

मला कळेना.

"तू रस्त्यात टाइमपास केला, म्हनलं. बिगीनं गेला असता तं पान्याच्या आंधी डाक्टर आला असता, म्हनलं. लई बोलली. तो काईच नाई बोलला."

वासरू गेलं त्याच्या पुढच्याच वर्षी महादेव बिऱ्हाड घेऊन पिपरी मेघेला गेला होता. मी समजत होतो, तिकडं काम मिळालं म्हणून गेला. वस्तीवर तो पुन्हा फारसा दिसला नाही, हेही मला दिसलं होतं. त्याचं कारण मी कधी विचारलं नव्हतं. त्याला खरं ठाऊक होतं. तो बोलला असता तर त्याचं कोणी ऐकलं असतं का — डाक्टरासमोर? तुम्हीच ठरवा. मी ठरवून बसलोय.

सुभद्राबाईनं कॅन पालथी घातली, हात पदराला पुसले आणि आत गेली. चहा विचारला नाही. मी पुलावरून घरी आलो, आणि सांगायला लाज वाटते, पण वाटेत मी गुणगुणत होतो. इतकं मोकळं वाटत होतं की हँडल सोडून द्यावं.

या दसऱ्याला सकाळी मी गाडी धुऊन दारात उभी केली, सवयीनं. दुपार झाली तरी सुभद्राबाई आली नाही. कुसुम म्हणाली, ती पहाटेच्या एसटीनं पिपरी मेघेला गेली, महादेवला सोनं द्यायला.