माझ्या चिठ्ठ्या आणि अण्णांचं सूत

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती आणि मी हुबळीच्या एका सूतगिरणीत सूत तपासायच्या खोलीत कामाला होतो. रोज सकाळी प्रत्येक साच्यावरून, म्हणजे सूत कातायच्या यंत्रावरून, ठरावीक लांबीचं सूत काढायचं, वजन करायचं, आणि ते जरा जड भरलं की त्या साच्याच्या जॉबरला, म्हणजे मुकादमाला, चिठ्ठी धाडायची : सूत जाड येतंय, जाडी ठरवणारं चाक बदला. हलकं भरलं तरी चिठ्ठी. माझा रुबाब काय विचारता! साहेबाच्या खालोखाल मीच, अशा थाटात सही ठोकायचो.

एका साच्यावर वडिलांच्या वयाचे एक जॉबर होते. त्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांचं सूत आज जाड तर उद्या बारीक. मॅनेजर वैतागले आणि म्हणाले, महिनाअखेरीला याला घरी बसवा. पुरावा म्हणजे माझ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. मलाही ते पटलं होतं, खोटं कशाला बोलू?

त्याच सुमारास मॅनेजरांनी मुंबईहून काही टाइप केलेली पानं आणली आणि शिकून घे म्हणून माझ्यापुढे टाकली. संख्याशास्त्र वापरून कारखान्यातला माल कसा सुधारायचा, हा विषय. गणितात मी हुशार, पण आठवडाभर काही टाळक्यात शिरेना. चिडून दोनदा पानं कोपऱ्यात भिरकावली, दोनदा उचलून आणली. मग हळूहळू उमगलं. कुठलंही काम रोज थोडं इकडेतिकडे होणारच. ते किती होतं हे आधी मोजावं, कागदावर वर एक आणि खाली एक रेघ मारावी. ठिपका रेघांच्या आत असेल तर गप्प बसावं. बाहेर गेला तरच कारण शोधावं.

मी सगळ्या साच्यांचे ठिपके मांडले. बाकीच्यांचे रेघांच्या आत, अण्णांचे मात्र वरखाली उड्या मारत होते. म्हणून खात्यात जाऊन चौकशी केली. बाकीचे जॉबर माझी चिठ्ठी खिशात घालायचे आणि विसरून जायचे. अण्णा एकटेच इमानानं दर वेळी चाक बदलत होते. आपोआप जाग्यावर आलं असतं ते सूत चाक बदलल्यामुळे उलट्या टोकाला जायचं, आणि मी पुन्हा चिठ्ठी धाडायचो.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅनेजरांपुढे जाऊन कबूल केलं आणि पंधरा दिवस मागून घेतले. अण्णांना चिठ्ठी बंद केली. त्यांचं सूत इतरांसारखं झालं आणि नोकरी राहिली.

मी अण्णांना म्हणालो, "चूक माझी होती, तुमची नव्हती."

 त्यांनी कानडीत शांतपणे विचारलं, "माझ्या आधी या साच्यावर जो होता, त्यालाही असंच काढलंत. त्याला सांगितलं का?"

तो जुन्या हुबळीत राहायचा, गिरणीपासून चालत अर्ध्या तासावर. मी आणखी सहा वर्षं त्या गिरणीत होतो. त्याच्या घरी काही गेलो नाही.