सिंधूचा भविष्यकाळ

जपानमधल्या आमच्या ग्योतोकुच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर सिंधू राहते. मूळची पेणची, मृदाशास्त्रात एम.एस्सी. खारजमिनीत भात कसा पिकवायचा, हा तिचा विषय. नवऱ्याच्या, नीलकंठच्या नोकरीपायी इथे आली आणि नऊ वर्षं बेंतोच्या, म्हणजे तयार जेवणाच्या डब्यांच्या कारखान्यात पार्टटाइम डब्यांत भात भरते आहे. पीएचडीचा विषय काढला की नीलकंठ म्हणतो, "बघू." वाईट नाही हो तो, पण या 'बघू'नं किती बायकांची वर्षं गिळली असतील! मला भयंकर चीड येते.

म्हणून मीच तिला वाचनालयातल्या वाचनमंडळात ओढून नेलं. ते ओडेसा-सान चालवतात. अमेरिकेतून आलेल्या, कृष्णवर्णीय, शिक्षिका. त्या आम्हाला कृष्णवर्णीय स्त्रियांचं लेखन वाचून दाखवतात. ज्यांच्या खापरपणज्या बाजारात विकल्या गेल्या, त्या बायका अजून न जन्मलेल्या मुलींसाठी कागदावर गावं वसवतात. "आधी कुणाला तरी ते गाव बघावं लागतं," ओडेसा-सान म्हणाल्या आणि पाच वर्षांनंतरचा आपला एक दिवस जपानीत लिहून आणायला सांगितलं.

पुढच्या वेळी सिंधूनं वाचलं, "सकाळी मी प्रयोगशाळेत जाते. खिडकीखाली खाडी आहे. कुंडीतल्या खारट मातीला मी हाक मारते, ती कोंब वर काढून ओ देते. मी कुणाची मिसेस, हे कुणी विचारत नाही."

भिंतीवर दुपारचं ऊन पाण्यासारखं हलत होतं. मला खरंच खाडीचा वास आला.

मंडळातल्या, मागच्या वेळी न आलेल्या कोबायाशी आजींनी टाळ्या वाजवल्या. "अभिनंदन! कुठलं विद्यापीठ?"

घोटाळा माझ्या लक्षात आला. जपानीत 'जाते' आणि 'जाईन' यांना एकच क्रियापद, आणि 'पाच वर्षांनी' हे लिहायला बाईसाहेब विसरल्या होत्या. आता ही लाजून खुलासा करणार, असं मला वाटलं. सिंधूनं चष्मा पुसला.

"इथलंच, चिबातलं," ती म्हणाली. "एप्रिलपासून."

बाहेर आल्यावर तिनं माझा हात घट्ट धरला. "अगं, आता पीएचडीच्या प्रवेशाचा फॉर्म भरावाच लागेल. शुक्रवारी शेवटची तारीख आहे."

संध्याकाळी तिनं माझ्यादेखत तो फॉर्म नीलकंठसमोर ठेवला. "एप्रिलपासून मी प्रयोगशाळेत जाते."

"जाईन म्हण," तो हसला. "आधी बघू."

"जपानीत 'जाईन' नाहीच मुळी," सिंधू म्हणाली आणि तिनं सही केली.