मावशीची खुर्ची

माझी मावशी दवाखान्याच्या धुलाईखान्यात उभी असते. काम करते म्हणायला हवं खरं, पण तिचं नाव काढलं की मला आधी तिचं ते उभं राहणंच दिसतं. सकाळपासून वाफेत. समोर तिची जोडीदारीण, जिला सगळे लांबी म्हणतात. दोघींनी चादरीची दोन-दोन टोकं धरायची, झटकायची, एकमेकींकडे चालत यायचं, घडी. एकीनं टोक सोडलं की चादर फरशीवर, आणि फरशीला लागली की परत धुवायला. मावशीचे गुडघे तर कधीच कामातून गेलेत.

तिथे वॉर्डांना कपडे द्यायची एक खिडकी आहे. खिडकीत खुर्ची! तिथली बाई सोडून जाणार होती. साहेब म्हणाले, दहावी पास हो, जागा तुझी. म्हणून या वयात मावशी बाहेरून दहावीला बसली. बाकीचे विषय निघाले, मराठी तेवढं अडलं. आणि शिकवायला कोण, तर मी, जिला स्वतःचं कॉलेज झेपत नाही!

जेवणाच्या सुट्टीत कपड्यांच्या ढिगाला टेकून आम्ही बसायचो.

"मावशी, तुझ्या कामातलं एक वाक्य सांग."

"झटकली, घडी केली."

"कुणी?"

"कुणी म्हणजे? मीच. आणखी कोण मरतंय इथे?"

"अगं मग लिही ना तसं! ज्याच्याबद्दल बोलायचं ते उद्देश्य, त्याच्याबद्दल जे सांगायचं ते विधेय. 'मी चादर झटकते.' 'मी' उद्देश्य, 'चादर झटकते' विधेय."

लांबी हसली. "'मी' म्हणायची सवयच नाही हिला. घरीसुद्धा 'स्वयंपाक झालाय' म्हणते. जसा काही आपोआप झाला!"

"गप गं, ताडमाड," मावशी म्हणाली.

शेवटी मी मावशीला उठवलं आणि चादरच उचलली. इकडचं टोक उद्देश्य, तिकडचं विधेय, एक सुटलं की वाक्य फरशीवर. एकच चादर म्हणजे केवल वाक्य. दोन चादरींना गाठ मारली की संयुक्त. 'मी चादर झटकते आणि लांबी घडी करते.' गाठ 'आणि'ची असेल, 'पण'ची असेल, 'म्हणून'ची असेल.

"म्हणजे गाठ सोडली तरी दोन्ही चादरी शाबूत?"

"हो! हो गं मावशी!" मी तिला मिठीच मारली. ती दमून तशीच उभी राहिली माझ्या मिठीत.

परीक्षेच्या दिवशी मी फाटकाबाहेर थांबले. ती आली तेव्हा तिच्या गालावर बाकाच्या कडेचा वळ होता.

"व्याकरण पहिलं सोडवलं. सगळं आलं."

"आणि बाकीचं?"

"जरा डोकं टेकलं गं बाकावर. इतका वेळ बसायची सवय कुठेय? डोळा लागला. उठवलं तेव्हा पेपर गोळा करत होते."

मी रस्त्यातच रडायला लागले. ती नाही रडली. माझी बॅग धरून उभी राहिली.

नापास झाली. खिडकीत दुसरी कुणीतरी आली, बरी आहे बिचारी, तिच्यावर तरी काय रागवायचं.

निकालानंतर मी जेवणाच्या सुट्टीत गेले तेव्हा दोघी शेवटची चादर झटकत होत्या. मावशीनं माझ्याकडे बघितलं, टोक न सोडता.

"पुढच्या वेळी उभ्यानं लिहू देतात का गं? विचार ना कुणाला."

"आधी नीट धर," लांबी म्हणाली, आणि दोघी एकमेकींकडे चालत आल्या.