पुण्याला राहिलेले देव

पद्माकर गोवंडे यांना एकदा बोलतं केलं की थांबवणं कठीण. पुण्यातल्या एका कॉलेजात त्यांनी जन्मभर युरोपीय साहित्य शिकवलं, आणि त्यातही सगळा जीव अठराव्या शतकावर. निवृत्तीनंतर मुलगा सारंग त्यांना आणि सुलेखाकाकूंना सिंगापूरला घेऊन आला, तेव्हा वाटलं होतं, सर आता पुंगोलच्या पाण्याकाठी फिरतील, नातीला शाळेत सोडतील, जरा गप्प बसतील. कुठलं काय! वर्ष व्हायच्या आत सारंगच्या फ्लॅटमध्ये रविवारी सकाळी त्यांचा वर्ग भरू लागला. मरीन परेडहून, पासिर रिसहून मंडळी बस नि एमआरटीच्या गाड्या बदलत, शेवटी एलआरटीच्या त्या डबीएवढ्या गाडीतून उतरून यायची. आठवडाभर स्क्रीनपुढे डोळे फोडणारे आयटीतले नि बँकेतले लोक, आणि त्यांना सर युरोपातलं ज्ञानोदयाचं युग सांगायचे.

सांगायचे मात्र छान, ते नाकारून चालणार नाही. राजा आणि धर्मगुरू म्हणतील तेच खरं, हे मानायला तयार नसलेली माणसं नुसते जाडजूड ग्रंथ लिहून थांबली नाहीत, त्यांनी गोष्टी लिहिल्या. दूरदेशीचा एखादा पाहुणा कल्पायचा आणि त्याच्या तोंडून आपल्याच लोकांच्या रीतींना हसायचं. मोलकरणीच्या, दुकानदाराच्या आयुष्याचीसुद्धा कादंबरी होते, हे लोकांना तेव्हा पटायला लागलं. "आणि गंमत बघा," सर म्हणायचे, "बुद्धीचं युग म्हणतात खरं, पण ह्याच काळातले वाचक कादंबऱ्या वाचून ढसाढसा रडायचे!" स्वतः सरांना रडताना कोणी पाहिलं नव्हतं.

सुलेखाकाकू तोवर चिवड्याच्या बश्या फिरवत. त्यांच्याकडे बघून सरांचा एक ठरलेला विनोद व्हायचा. "आमच्या घरी ज्ञानोदय झालाय बरं का. देव पुण्यालाच ठेवून आलोय."

ते खरंच होतं. निघताना एक अख्खी बॅग पुस्तकांनी भरली होती. तेव्हा काकूंनी हळूच विचारलं होतं, "आपले देव न्यायचे का?" सर रागावले नाहीत, की नाही म्हणाले नाहीत. ते हसले. "त्यांचं विमानाचं वेगळं तिकीट काढावं लागेल!" मग काकूही हसल्या, आणि लग्नात गौरीहरावर पुजलेली अन्नपूर्णा, गणपती, बाळकृष्ण नि कुलदेवीचा टाक धाकट्या बहिणीकडे, सुरेखाकडे, ठेवून आल्या. विषय संपला, असं सरांना वाटलं. शहाण्या माणसांना असंच वाटत असतं.

२०१४च्या पावसाळ्यानंतरच्या एका रविवारी सर सहिष्णुतेवर बोलत होते. त्या काळातले लेखक ज्या धर्मावर स्वतःचा काडीचा विश्वास नाही, त्या धर्मातल्या माणसावर अन्याय झाला तरी लेखणी घेऊन कसे उभे राहिले, हे सांगताना त्यांचा आवाज चढला होता. त्यानंतर देवांचा तो विनोद झाला. मंडळी हसली. बँकेत काम करणारी नीता तेवढी हसली नाही.

"सर, देव ठेवून येताना काकूंना विचारलं होतंत का?"

"तिची काही तक्रार नाही," सर म्हणाले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले.

काकूंचं पोटाचं दुखणं कळलं तेव्हा उशीर झालेला होता. डॉक्टरांनी सारंगला बाजूला घेऊन सांगितलं, आता घरी न्या, आवडेल ते करू द्या. त्या खिडकीशी पलंगावर पडून असायच्या. सकाळी डोळे मिटून घेण्याची सवय त्यांना इथं आल्यापासूनच होती, आणि सर त्यावरून चिडवायचेही, "झाली का दुसरी झोप?"

एका सकाळी नात मैत्रेयी धावत खोलीत आली. सरांनी तिला गप्प केलं. "आजी झोपलीय."

"नॉट स्लीपिंग, लाह! सी हर फिंगर्स," ती शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

सरांनी पाहिलं. काकूंच्या उजव्या हाताची बोटं पांघरुणावर गोल फिरत होती, सहाणेवर गंध उगाळावं तशी.

"सुलेखा?"

"थांबा," डोळे न उघडता त्या म्हणाल्या. "नैवेद्य राहिलाय."

सर थांबले. थोड्या वेळानं काकूंनी डोळे उघडले. "रोज करते. मनातल्या मनात. अंघोळ, गंध, फूल, सगळं. त्याला विमानाचं तिकीट लागत नाही."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"तुम्ही हसला असता. मग मलाही हसावं लागलं असतं."

परक्या देशातल्या, दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांच्या श्रद्धेसाठी ते तावातावानं बोलत आले होते, आणि घरातलं माणूस रोज त्यांच्यापासून लपून पूजा करत होतं. त्यांनी तेव्हाच सुरेखाला फोन लावला. आपल्या मंडळींत कुणी पुण्याहून येणार असलं की त्याच्या बॅगेत चार घरांच्या वस्तू येतात. दिवाळीसाठी नीताच तेव्हा पुण्याला गेलेली होती. देव तिच्याबरोबर पाठवायचे ठरलं.

काकूंना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला की सारंग खोलीबाहेर निघून गेला. दिवाणखान्यातला पुस्तकांचा एक कप्पा सरांनी स्वतः रिकामा केला, पुसला, वर पांढरं कापड घातलं.

"देव मात्र मी मांडणार," काकू म्हणाल्या. "मला धरून उभं करा. तुम्हाला नाही जमायचं."

"तूच मांड," सर म्हणाले. ते रोज नीताचं विमान कधीचं आहे ते पुन्हा पुन्हा विचारायचे. देवावर विश्वास नसलेला माणूस देवांची वाट बघत होता, आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती.

नीता यायच्या आदल्या सकाळी काकू गेल्या. पूजा अर्धी झाली होती की पुरी, ते कळायला मार्ग नव्हता. बोटं तेवढी थांबली.

मंडाईच्या स्मशानात गुरुजी म्हणतील ते सगळं सरांनी मुकाट्यानं केलं. दिवस झाल्यावर नीता आली. तिच्या हातात काकूंच्या जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलेलं गाठोडं होतं. तिनं ते सरांपुढे ठेवलं. त्या रविवारचा तिचा प्रश्न दोघांनाही आठवत होता, आणि सरांना ती नजर चुकवतेय याचंच अधिक वाईट वाटलं.

सरांनी गाठ सोडली. गणपती, बाळकृष्ण, टाक, आणि झिजून नाकडोळे पुसट झालेली अन्नपूर्णा. त्यांनी त्या पांढऱ्या कापडावर एकेक ठेवून पाहिले. मग बदलले. पुन्हा बदलले. पुण्याच्या घरात ते देव इतकी वर्षं त्यांच्या डोळ्यांसमोर होते, पण त्यांनी एकदाही नीट पाहिलेले नव्हते. सुरेखाला फोन केला. ती रडतच म्हणाली, "भावोजी, मी माझ्या देवांतच ठेवले होते हो. ताईची मांडणी मला कुठली माहीत? ती कुणाला हात लावू देत नसे."

सारंग शेजारी येऊन उभा राहिला. "बाबा, मधे कोण असायचं?"

सर अन्नपूर्णा मुठीत धरून खाली बसले, आणि ढसाढसा रडायला लागले.

"मला माहीत नाही रे," ते म्हणाले. "तिला विचारायला हवं होतं."